चाल ओळखणारे मामा

आमगावचे माझे मामा माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्यांचा धंदा. शिडीवरून लांबचा माणूस दिसला की चेहरा कळायच्या आधीच नाव सांगून मोकळे. "थोबाडानं माणूस खोटं बोलते, चालीनं नाही," असं त्यांचं म्हणणं.

माझीही त्यांनी गय केली नाही. शाळेच्या वहीच्या कोपऱ्यांत, पानोपानी, त्यांनी मला काढलं आणि पानं फर्रकन सोडली. वहीतून एक बदक तळ्याकडे निघालं होतं. "हे तुम्हीच होय जी, भाचेबुवा!" आज पन्नाशीत ते बदक जरा भारदस्त झालंय, एवढंच.

मामी गेली आणि काही वर्षांत मामांची ओळख चुकायला लागली. शेजाऱ्याला मेहुणा म्हणून हाक मारत. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मामांना काळजी एकच. "तिचा चेहरा फोटूत हाय जी. चाल कायच्यात हाय?"

त्याच सुमारास नागपूरच्या एका संग्रहालयाचं कार्टूनांचं प्रदर्शन गोंदियात आलं. तिथे स्वतः काढूनही बघता येत होतं. कागदाच्या पट्टीवर बारा चित्रं काढायची, पट्टी फटी असलेल्या गोल डब्यात लावायची आणि डबा फिरवायचा. फटीतून चित्र चालताना दिसतं. मी मामांना घेऊन गेलो. पोरासोरांच्या बाकावर बसून त्यांनी तासभर मामी काढली. डोईवर पदर, हातात बादली. मग ते हात धुवायला गेले.

मी पट्टी पाहिली. बाराही चित्रांत एक पाय आखूड. वाटलं, म्हाताऱ्याचा हात चुकला, आता पोरं हसणार. खोडरबर घेतलं आणि बाराही ठिकाणचे पाय सारखे करून टाकले. आयुष्यात इतकं नीटनेटकं काम मी दुसरं केलेलं नाही.

डबा फिरला. मामा फटीला डोळा लावून बसले.

"कोण होय जी ही?"

"मामी."

"नाही. तुमची मामी पाय ओढत होती."

मग मला सांगावंच लागलं.

"काऊन केलं जी असं?"

"पोरं हसतील म्हणून."

"हसू द्यायचं होतं. ती पण हसत होती."

त्यांनी नवी पट्टी घेतली. पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली. पाय काही उमटेना.

संध्याकाळी त्यांना घरी पोचवलं. आमच्याकडे भाचा कितीही नालायक असो, निघताना मामा त्याच्या पाया पडतो. मामा वाकले. हात माझ्या एका पायावर टेकला, मग दुसऱ्यावर, आणि तिथेच थांबला.

"भाचेबुवा, डावा होता का उजवा?"

दहा उन्हाळे मी मामीच्या हातचं जेवलो. नजर ताटातून कधी वर गेली असेल तर शपथ. पट्टीवर आखूड पाय कुठला होता, तेही मी सारखं करायच्या नादात बघितलं नव्हतं.

"डावा," मी म्हणालो.

मामांचा चेहरा उजळला. त्यानंतर वर्षभर, ते जाईपर्यंत, मिळेल त्या कागदावर ते मामी काढत राहिले. सगळीकडे डावाच पाय आखूड.