भरिताच्या व्हॅनचे बुश

कंपनीच्या वर्कशॉपने पुंडलिक नानांना सांगितलं होतं, की बुश सुटा मिळत नाही, आख्खा लोअर आर्म बदलावा लागेल, आणि या मॉडेलचा आर्म आता येत नाही. थोडक्यात, गाडी विका. नाना तिथून थेट माझ्या दुकानात आले. व्हॅन बाहेर थांबताना पुढच्या चाकांखाली जो खडखडाट झाला, तो मला काउंटरवर ऐकू आला.

नाना जळगावजवळच्या असोद्याचे. वांग्याच्या भरिताच्या ऑर्डरी घेतात. थंडीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पातेली, पराती, वांग्यांची पोती, सगळं त्या व्हॅनमधून जातं. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि भाड्याचा टेम्पो केला तर हाती काही उरत नाही.

"अक्का, मले खरं सांगा. इकू का ठेवू? भंगारवाला रविवारी येतो म्हणे."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग घाई काय आहे? आधी पार्ट दाखवा."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जळगावच्या एमआयडीसीत रबराच्या कारखान्यात वीस वर्षं प्रेसवर उभी राहिले, मग हे स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे बाकीचे दुकानदार शोधतात तसे पार्ट नंबर मला शोधता येत नाहीत. मी पार्ट पुसते आणि व्हर्नियरने मापते. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी मोजपट्टी.

बुश म्हणजे काय ते सांगते. एक लोखंडी नळी, तिच्यात दुसरी बारीक नळी, आणि दोघींच्या मधे घट्ट चिकटवलेलं रबर. चाक धरणारा जो आर्म असतो, तो या बुशवर वरखाली झुलतो. खड्ड्याचा मार रबर खातं. रबर संपलं की लोखंडावर लोखंड आपटतं, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने झिजतात.

नानांचा बुश मापला. बाहेरचा गोल, आतलं भोक, लांबी. मग धुळ्याच्या शेठना फोन लावला. ते मला माल पाठवतात.

"शेठ, बुश पाहिजे."

"गाडी कोणती, अक्का?"

"गाडी सोडा. मापं लिहून घ्या."

"अरे, नाव के बिना मी कपाटात काय शोधू?"

"नावाने शोधलं म्हणूनच कोणाला सापडलं नाही. लिहा."

शेठ कुरकुरले, पण उठले. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. माल वाहणाऱ्या एका तीनचाकीचा बुश बाहेरून तोच, आतूनही तोच. फक्त आतली नळी दोन मिलीमीटर लांब.

"चालेल?"

"दोन पाठवा. लांब नळी कापता येते. आखूड असती तर नसती चालली."

दुसऱ्या दिवशी एसटीने पार्सल आलं. लेथवाल्याकडून आतल्या नळीच्या दोन्ही टोकांना एकेक मिलीमीटर उतरवून घेतलं. नानांना सांगितलं, हे रबर थोडं कडक आहे, गाडी जरा धक्का देईल, पण टिकेल. नानांची गाडी बघणाऱ्या भटू मिस्तरीने ते गुरुवारी बसवले. रविवारी नानांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

बाराव्या दिवशी नाना आणि भटू दोघंही दुकानात. भटूने फाटलेले दोन्ही बुश काउंटरवर आपटले. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"अक्का, तुमना माल डुप्लिकेट शे," तो म्हणाला. भटू दोंडाईच्याकडचा, आवाज मोठा.

नाना त्याच्यापेक्षा हळू बोलले, ते जास्त लागलं. "भंगारवाल्याले बोलावलं मी परत. उद्या सकाळी येतो."

मी बुश उजेडात धरला. खराब रबर सगळीकडून तडकतं आणि नख लावलं की भुगा निघतो. हे रबर एका दिशेने पिळून फाटलं होतं, ओलं फडकं पिळावं तसं. उरलेल्या रबराला नख रुतत नव्हतं. म्हणजे माल चांगला होता.

"भटू, बोल्ट कधी आवळला? गाडी जॅकवर असताना का खाली घेतल्यावर?"

"जॅकवरच. तीस वरीस झाले, असंच करस मी. माले नका शिकाडू."

"चल तुझ्या गॅरेजला. बुश मी देते. रबर खराब निघालं तर हे दुकान तुझ्यासमोर बंद करते."

पहिले दोन बसल्यावर शेठकडून आणखी चार बुश मागवून ठेवले होते, त्यातले दोन लेथवर उतरवून घेतले आणि गेले. भटूला म्हटलं, तुझ्या पद्धतीने बसव. त्याने जॅकवर, चाक लोंबकळत असतानाच बोल्ट आवळला. मी खाली बसून बुशच्या तोंडावर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारली, आतल्या नळीपासून बाहेरच्या नळीपर्यंत.

"आता गाडी खाली घे. आणि इथं येऊन बघ."

भटू गुडघ्यावर वाकला. रेघ मधेच मोडली होती. गाडीचं वजन आलं, आर्म वर गेला, पण आतली नळी बोल्टने जखडलेली. मधलं रबर पिळलं गेलं. गाडी नुसती उभी, तरी ते पिळलेलंच.

"आता बोल्ट सैल कर."

त्याने पाना फिरवला. टक् आवाज झाला, नळी आपोआप फिरली, आणि रेघ पुन्हा सरळ.

भटूने रेघेवरून बोट फिरवून पाहिलं.

चूक कुठून आली तेही मला कळत होतं. त्याचा हात प्रवासी वाहणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपवर बसलेला. जीपला लोखंडी पाट्यांची स्प्रिंग असते, तिचं रबर सुटं असतं. ते घसरून आपली जागा घेतं. हे चिकटवलेलं रबर घसरत नाही, फाटतं.

"मंग मी आतापावत..." भटू म्हणाला.

"किती गाड्यांचे फाडले ते मोजू नको. आवळ."

गाडी जमिनीवर ठेवून, दोनदा दाबून, मग त्याने दोन्ही बोल्ट आवळले. नाना स्वतः असोद्याच्या रस्त्यावर चक्कर मारून आले. खडखडाट गेला होता.

"अक्का, थोडी कडक लागते गाडी."

"मी आधीच सांगितलं होतं."

भंगारवाला सकाळी आला तेव्हा व्हॅन पाचोऱ्याला ऑर्डर घेऊन गेली होती. गाडी पूर्ण थंडीभर चालली. थंडी संपल्यावर मी ती जॅकवर चढवून पाहिली. रबराला एक चीर नव्हती. शेठ आता फोनवर आधी मापं विचारतात. भटूने त्याच चार गिऱ्हाइकांसमोर माल डुप्लिकेट नव्हता असं सांगावं, एवढी अट मी घातली होती. तिघंच सापडले. तिघांना त्याने सांगितलं.

जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही असं कोणी म्हटलं, तर तो काढा, पुसा आणि मापा. बोल्ट आवळताना गाडी जमिनीवर ठेवा. आणि फाटलेलं रबर दुकानदाराच्या तोंडावर फेकण्याआधी ते कोणत्या बाजूने फाटलं, तेवढं बघून घ्या.