बबिताच्या कानातलं जॅझ

बबिताला शांततेत अभ्यास जमत न्हाई, हे पहिल्यांदा कुणाला कळलं? तिच्या भावाला. नववीत शाळा सोडून चकलांब्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या सोमनाथला. मास्तरांना कळलं न्हाई, क्लासवाल्यांना तर न्हाईच न्हाई. त्यांना कळायचं कसं? त्यांनी कवा मेंढरं राखलीत?

बबिता बारावीपस्तोर शिकली ती कळपामागंच. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट माळावर. बाभळीखाली बसायचं, डोळे पुस्तकात आन कान कळपात. निम्म्या मेंढरांच्या गळ्यात घंट्या. ती किणकिण चालू हाय तवर समदं बेस. घंट्या गप झाल्या की समजायचं, लांडगा. लांडग्याचा वास आला की मेंढरू वरडत न्हाई, जाग्यावर थिजतं. आख्खा कळप दगड व्हतो. मग राखणाऱ्यानं इचार करत बसायचं न्हाई, काठी घेऊन उठायचं. ह्या दोघांचा बाप म्हाळूआबा. त्यानं ही गोष्ट पोरांना अक्षरं यायच्या आधी शिकिवलेली.

आन तीच नडली. नर्सिंगची परीक्षा बीडला, कॉम्प्युटरवर. पोरं बसली, दार लागलं, हॉल गपगार. बबिता ताडकन उठून उभी! इकडं बघती, तिकडं बघती. बाई धावत आल्या.

"कुणाचं बघतीस ग? बस खाली!"

बसली. पाच मिनिटांनी परत उभी. तिची जागा बदलली, भिंतीकडं तोंड करून बसिवली. तिथं बी तेच. अंगच उठायचं, ती उठायची न्हाई. निकाल काय लागणार? पडली.

घरी आल्यावर खरं कारण तिनं एकट्या सोमनाथला सांगितलं. "दादा, मला तिथं सारखा लांडगा आल्यावानी वाटत व्हतं."

दुसरा कुणी असता तर पोट धरून हसला असता. सोमनाथच्या अंगावर काटा आला.

म्हाळूआबा बोलायला तोडकाच. म्हणला, "आजून एक साल बग. न्हाई जमलं तर काठी घे. लाज कसली त्येची?" बबितानं व्हय म्हणून मान हलिवली. सोमनाथच्या मात्र डोक्यात गेलं. काठी धरायला आपुन हाय की! आपुन शाळा सोडली ती कावून? एका घरात दोन काठ्या कशाला पायजेत?

त्यानं बबिताला अंबाजोगाईला साखराबाई मावशीकडं नेऊन घातलं आन जवळच्या अभ्यासिकेत जागा धरून दिली. महिन्यानं भेटायला गेला तर पोरगी निम्मी झालेली.

"पाच मिनिटं वाचते, दादा. मग मान वर व्हतीच."

व्हायचीच. तिथं भिंतीवर ही मोठी पाटी: शांतता राखा.

सोमनाथला धीर निघत न्हाई, हा त्याचा जुना दोष. तसाच उलट्या पावली चकलांब्याला गेला, सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यातली घंटी सोडली आन दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या खिडकीला, बबिताच्या टेबलाशेजारी, वाऱ्यावर हलंल अशी बांधली. झुळूक आली, घंटी किणकिणली, बबिताच्या तोंडावर हसू आलं. तवर अभ्यासिकेचे भागवत सर आले.

"हे काय देऊळ हाय का?"

"न्हाई सर. घंटी हाय."

"ते दिसतंय मला. कावून बांधली?"

"बहिणीला अभ्यास व्हतो तिच्यानं."

आख्खा हॉल फिदीफिदी हसला. मागून एक जण म्हणला, "चारा बी आणायचा की, पाव्हणं!"

"कोण हाय बे तो? ये बाहेर!" सोमनाथ बाह्या सारून निघालाच. बबितानं त्याचा शर्ट धरून वढला. घंटी सुटली, पिशवीत गेली.

एक पोरगी तेवढी हसली न्हवती. शिवकन्या, सिरसाळ्याच्या मन्मथप्पा किराणावाल्याची लेक. ती ह्यांच्या मागं बाहेर आली.

"भैय्या, मला बी गपचीप जमत न्हाई. आमी दुकानातच वाढलो. दिवसभर गिऱ्हाइकांचा कालवा, त्यातच अभ्यास. हिथं आले आन येड लागायची पाळी आली. आता मी हे ऐकते." तिनं मोबाईलला जोडलेलं कानातलं काढून सोमनाथच्या हातावर ठिवलं.

सोमनाथनं कानात घातलं. तोंड वाकडं केलं. "गाणारा कुठंय ह्यात?"

"न्हाईच."

"मग?"

"जॅझ म्हणत्यात. गाण्याला शब्द असले की मन शब्दांमागं जातं. ह्यात न्हाईत. मागं चालू ठेवायचं आन आपलं काम करायचं."

"आवो ताई, पण ह्यो काय वाजिवतोय आन त्यो काय? कुणी कुणाचं ऐकना झालंय!"

म्हणला खरा, पण कानातलं काढलं न्हाई. अभ्यासिकेच्या पायरीवर खाली बसला. डोळे मिटले. हळूहळू त्याचं तोंड उघडं पडत गेलं. खाली एक जाड तारेचं वाद्य धिम्म धिम्म चाललेलं, सोडून जाईना, घाई करीना. म्होरक्या मेंढा चालतो ना, डिट्टो तसं. त्याच्या आगंमागं बारीक खुसखुस, वाळल्या गवतावर खुरं घासावीत तशी. आन मधीच एक तुतारीवानी कायतरी कळप सोडून टेकडावर चढलं, वरडलं, उधळलं. आता हे जातंय हातचं, असं सोमनाथला वाटलं आन त्याची मूठ वळली. पण न्हाई. चक्कर मारून आलं की माघारी, बरोबर आपल्या जाग्यावर! कुणी हाकललं न्हाई, काठी उगारली न्हाई.

"बबे," तो डोळे न उघडता म्हणला, "हे वाजिवणाऱ्यानं मेंढरं राखलेली असणार बग."

दोघी पोरी हसल्या. पण बबितानं कानातलं घेतलं, आत गेली आन पुस्तक उघडलं. सोमनाथ खिडकीतनं बघत राहिला. अर्धा तास. तास. गाडी चुकली त्याची. बबिताची मान एकदा बी वर झाली न्हाई. आसं नवल त्यानं उभ्या जन्मात बघितलं न्हवतं.

पण त्याच्या जीवाला घोर लागला तो निराळाच. परीक्षेत कानात कायबी घालू देत न्हाईत. तिथं कोण वाजिवणार? दर फोनला तेच इचारायचा. बबिता म्हणायची, "बगू." ह्या 'बगू'नं त्याची झोप उडाली.

परीक्षेआधी पंधरा दिवस ती चकलांब्याला आली. दुपार कलल्यावर कळपामागं, बाभळीखाली, जुन्या जाग्यावर पुस्तक घेऊन बसली. मोबाईल बंद, कानातलं मांडीवर गुंडाळून ठिवलेलं. सोमनाथ जरा लांब चातीवर लोकर कातत उभा. तवर घंट्या गप झाल्या.

समद्या. एकदम.

चाती टाकून सोमनाथ काठी घेऊन पळाला. तुरीच्या कडंला करडं अंग दिसलं, कान उभे. "हाऽऽव! हाऽऽव!" करत, दगडं भिरकावत तो त्याच्यावर गेला. लांडगा जरा थबकला, मग तुरीत शिरून पसार. एक बी मेंढरू गेलं न्हाई. धापा टाकत सोमनाथ माघारी आला आन बघतो तर काय? बबिता बाभळीखाली तशीच. पेन्सिल चालू. पान पलटलं तिनं.

"बबे."

"हं."

"लांडगा आलता."

"कवा?"

"आत्ता!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पुस्तक खाली पडलं. "कुणी गेलं का दादा? कोकरं कुठायत? मला ऐकूच आलं न्हाई रे. घंट्या थांबल्या आन मला कळलंच न्हाई!" ती ढसाढसा रडायला लागली. मेंढक्याच्या लेकीला ह्याच्यापरीस मोठी लाज कुठली?

सोमनाथला हसावं का रडावं कळंना. तो तिच्यापुढं मातीत बसला. "रडतीस काय येडे? हेच तर पायजे व्हतं! पण झालं कसं हे?"

नाक पुसत ती म्हणली, "त्या जॅझमदी मधीच समदे गप व्हत्यात. वर्षभर ऐकलं. आधी मी दर येळी दचकायचे. मग कळलं, ते पळून गेलेले नसत्यात. दम घेत्यात. कुणीतरी परत सुरू करणारच असतंय." पुस्तक उचलून म्हणली, "आता शांतता झाली की मला तसंच वाटतंय."

बापजाद्यांपासून रक्तात मुरलेली भीती. ती ह्या पोरीनं अभ्यासिकेत बसून, पुस्तकं वाचता वाचता, काढून ठिवली व्हती. कोण कुठले ते वाजिवणारे, कवा वाजिवलं, कुणापुढं वाजिवलं! त्यांना ठाऊक तरी असंल का चकलांबा? आन आपली बहीण आता मेंढरं राखायच्या कामाची उरली न्हाई, हे बी त्याला त्याच घडीला कळलं. छातीत कायतरी तुटलं आन त्याच जाग्यावर कायतरी फुगून बी आलं.

परीक्षा झाली. हॉलातनं बबिता सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. येळ संपली हे सांगायला बाईंना तिच्या खांद्याला हात लावावा लागला, म्हणली. महिन्याभरानं यादी लागली. नर्सिंगला नंबर अंबाजोगाईलाच लागला.

सोमनाथ माळावरनं बोंब मारतच घरी आला. म्हाळूआबानं समदं ऐकून घेतलं. मग म्हणला, "ते काय हाय ते ऐकिव मला." बबितानं मोबाईल वट्ट्यावर ठिवला आन आवाज मोठा केला. आबा उकिडवा बसून, आख्खं संपोस्तोर ऐकत राहिला. मग उठला, देव्हाऱ्यातनं भंडाऱ्याची पिशवी आणली, चिमूट घेऊन लेकीच्या कपाळाला लावली. वाकला, आन दुसरी चिमूट मोबाईलला.

"आबा, आवो आवाजाच्या भोकात जाईल!" बबिता वरडली.

गेलाच. तवापासनं त्या मोबाईलवर तुतारी जरा घोगरी वाजती. बबिता काय ती दुरुस्त करून घेत न्हाई.