चाळीस नंबरची खुंटी

नाचघराच्या दारातच कोट ठेवायची खोली होती आणि तिथे मावशी बावीस वर्षं ठाण मांडून बसल्या होत्या. कोट घ्यायचा, खुंटीला अडकवायचा, बिल्ला द्यायचा. लोक मावशींनाही खुंटीच समजत आणि त्यांच्यासमोर वाट्टेल ते बरळत. आतल्या कुणाच्या रंगावर, कपड्यांवर, चालीवर कुणी वाकडं बोललं, की मावशी गोड हसून त्याचा कोट चाळीस नंबरच्या खुंटीला लावत. ती खुंटी दारवानाला बाहेरून दिसे. मग तो त्या माणसावर नजर ठेवी आणि त्यानं जरा आगळीक केली, की कोटासकट बाहेर काढी.

एका शनिवारी चक्क जावईच आले, सासूबाईंचं काम बघायला. त्यांनी मोठ्या ऐटीत कोट उतरवून दिला. तेवढ्यात गल्लीतला पोस्टमन चमचमत्या टिकल्यांचा झगा घालून, उंच टाचा टकटकवत आला. जावयांनी नाक मुरडलं.

"शी! असले नमुने आत घेता? फटके देऊन हाकलायला हवं यांना."

पोस्टमनचा चेहरा पडला. मावशींनी मात्र चाळीस नंबरकडे पाहिलंसुद्धा नाही. कोटाची नीट घडी घातली आणि जावयांच्या हातात ठेवली.

"या आता, जावईबापू."

"अहो आई, मी घरचा माणूस!"

"म्हणून तर घडी घातली," मावशी म्हणाल्या. "परक्याचा कोट दारवान रस्त्यावर भिरकावतो."