एकट्या माणसाची यादी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवळात गुरवाने माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा मनातल्या मनात तरी बोलून टाकायचं — तेही जमलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. म्हणजे, प्रयत्न करतो.

मालवणात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. प्रिंटर दुरुस्त करतो, लहानसहान प्रोग्राम लिहितो. एकदा मच्छीमारांच्या सोसायटीने काम दिलं — वादळाचा इशारा आला की समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर मेसेज जायला हवा. नावं आणि नंबर सोसायटीच्या ऑफिसात सुलभा भरायची. शाळेत माझ्याच वर्गात होती ती. तिने भरलेली यादी माझ्या प्रोग्रामने एक्सएमएलमध्ये बदलायची आणि मेसेज पाठवणाऱ्यांकडे धाडायची, एवढंच काम.

एक्सएमएल म्हणजे काही जादू नाही. डब्यात डबा ठेवावा आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावावी, तसं. होडीचा डबा, त्यात 'माणसं' नावाचा डबा, त्यात एकेक माणूस. ट्रॉलरवर बोट चालवणारा तांडेल असतो, खलाशी असतात, तिथे हे शोभतं. पण ज्या होडीवर एकटाच माणूस — तिथे यादी कशाला? मी मधला डबाच काढून टाकला आणि माणूस थेट होडीत ठेवला. छान सुटसुटीत दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. पलीकडचा प्रोग्राम मात्र 'माणसं' हा डबा शोधायचा. नाही सापडला, की होडी रिकामी समजून पुढे जायचा. तक्रारसुद्धा करायचा नाही. आणि चाचणी? ती मी ट्रॉलरच्या यादीवरच घेतली होती. एकटा माणूस असला तरी त्याची यादीच करायची असते, हे मला सुचलं नाही.

सुलभाचे मामा एकटेच मासेमारीला जायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, खाडीपलीकडे घर. चतुर्थीला त्यांच्याकडे सुलभाच राबायची. इशारा आला त्या दिवशी ट्रॉलरवाले मेसेज वाचून घरी थांबले. एकट्याने जाणारे आणखीही काहीजण होते, त्यांना शेजाऱ्यांनी हाक मारून सांगितलं; आपल्याला मेसेज आलाच नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मामांना शेजार नव्हता. ते नेहमीसारखे जाळं घेऊन गेले. वारा उठला आणि होडी खडकावर फुटली. मामा वाचले, पण एक पाय कायमचा गेला. पुन्हा समुद्रात जाणं झालं नाही.

इथवर ही नुसती चूक आहे. चुका कोण करत नाही? गोष्ट इथेच संपली असती, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मामांना मेसेज का गेला नाही हे विचारायला सोसायटीत सगळे जमले, त्याआधीच मी फाइल उघडून बघितली होती. एका नजरेत कळलं. नाव होतं, नंबर होता, बरोबर होता. चूक माझ्या डब्यांची होती. सुलभाने सर्वांसमोर स्क्रीन वळवून मामांचं नाव दाखवलं. आणि मी — अगदी शांतपणे — म्हणालो, "आता आहे. त्या दिवशी होतं का?"

कळलं का तुम्हाला, मी काय केलं? नाव कधी भरलं याची नोंद माझा प्रोग्राम ठेवतच नव्हता. हे मला माहीत होतं. तिला काही सिद्ध करता येणार नव्हतं. स्वतःची चूक लपवणं वेगळं — मी तिला लबाड ठरवलं. सुलभाने नाव मागाहून घुसवलं, असं संध्याकाळपर्यंत मासळीबाजारात बोललं जात होतं. मी घरी जाऊन प्रोग्राम गुपचूप दुरुस्त केला. दोन ओळींचं काम होतं.

मामांनी तिला घराचं दार बंद केलं. मी त्यांना बघायला गेलो होतो — फळं घेऊन, हो. येईल त्याला सांगायचे ते मलाही सांगितलं, "सगळ्या गावाची नावां घातल्यान, मामाक तेवढी विसारली." मी मूग गिळून बसलो असतो, तरी एक वेळ चाललं असतं. मी होकारार्थी मान हलवली. पुढे मामा गेले. शेवटपर्यंत त्यांनी तिला घरात घेतलं नाही.

बारावं झाल्यावर काही दिवसांनी सुलभा सोसायटीचा प्रिंटर घेऊन दुकानात आली. काम झालं तरी बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या वेळी माका वाटायचा, नाव मी आधीच घातलंय. आता माकाच खात्री नाय रे. भियान मागसूनच घातला असतला."

समोर होती. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. भीतीने नाव मागाहून घालण्याची चूक तिच्या हातून झालीच नव्हती, आणि आता ती स्वतःच ती आपल्या अंगावर घेत होती. एक वाक्य पुरलं असतं. मला — काय सांगू — मला त्या क्षणी हायसं वाटलं.

"होतं असं," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, प्रिंटर उचलला आणि गेली. अजून तिथेच काम करते. नाव तिने वेळेवर घातलं होतं. तिला ते आता माहीत नाही. मला आहे.