कूलरच्या खोलीतल्या मुंगवड्या

मे महिन्यात सुट्टी काढून वाशिम जिल्ह्यात कोण जातं, असं ऑफिसात तिघींनी विचारलं. मी म्हटलं, बुरशी बघायला चाललेय. त्यावर कोणी पुढचं विचारलं नाही आणि ते बरंच झालं, कारण खरं कारण सांगायला गेले असते तर मी चिडले असते, आणि मी चिडले की आधी रडू येतं.

खरं कारण माझी शीलामावशी. आईची धाकटी बहीण, मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावात राहते. तिथे तिचा दहा जणींचा बचत गट आहे. उन्हाळ्यात त्या मुंगवड्या करतात. भिजवलेली मुगाची डाळ भरड वाटायची, त्यात लसूण, मिरची, जिरं घालायचं, प्लास्टिकवर चिमटी-चिमटीने वड्या टाकायच्या आणि बाकीचं काम वऱ्हाडच्या उन्हावर सोपवायचं. दोन दिवसांत खडखडीत. घरात भाजी नसली की या वड्या वर्षभर कामी येतात. यंदा कारंज्याच्या एका दुकानदाराने पहिल्यांदाच मोठी मागणी दिली होती. माल गेला आणि आठवड्यात सगळाच्या सगळा परत आला. पाकिटांत हिरवट पांढरी बुरशी.

मावशी फोनवर रडली नाही. ती रडत नाही. म्हणाली, "गटातल्या बाया म्हणून राह्यल्या, आमच्याकडच्या बायांच्या हातानं माल खराब झाला." आमच्याकडच्या म्हणजे बौद्ध वस्तीतल्या. गटात निम्म्या आमच्या आणि निम्म्या गावातल्या शेतकरी घरांतल्या. सगळ्यांनी मिळून खाण्याचा पदार्थ करायचा, हे त्या गावात पहिल्यांदाच जमलं होतं. आता पलीकडच्या दोघीतिघींना वड्या वेगळ्या करायच्या होत्या. गुरुवारी बैठक होती आणि त्यात गट राहणार की मोडणार हे ठरणार होतं. मी सोमवारी संध्याकाळची ट्रॅव्हल्स पकडली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून वाशिमला स्लीपर बस सकाळी पोचते, खालची सीट मागून घ्या, वरच्यावर एसीचं पाणी टपकतं. वाशिम स्टँडवरून मंगरूळपीरची एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. पुढे काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि 'भरली' याचा अर्थ चालक ठरवतो. दोन्ही बाजूंना काळी रानं नांगरून पडलेली, त्यांना भेगा गेलेल्या, आणि सकाळी दहालाच अशा झळा की खिडकीच्या लोखंडाला हात लावू नये. वाशिमच्या स्टँडवरची आलूपोंग्याची प्लेट, म्हणजे तळलेल्या पोंग्यांबरोबर बटाट्याची झणझणीत भाजी, मात्र चुकवू नका. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

मावशीच्या घरी पोचले तेव्हा मी अर्धी भाजलेली होते. तिने मला थेट मागच्या खोलीत नेलं. दार उघडलं आणि मी खरोखर "आहाहा" म्हणाले. खिडकीत नवा कूलर, गवताच्या जाळ्यांवरून पाणी ओघळतंय, गार वाऱ्याचा झोत, ओल्या गवताचा वास. भिंतीला लागून फळ्यांवर उरलेली पाकिटं रचलेली. पाकिटांच्या पायाशी मी चटई टाकली आणि आडवी झाले.

"तू कुठे झोपतेस गं?" मी विचारलं.

"बाहेर अंगनात. ही खोली मालाले देल्ली."

कूलर मुंबईला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने आईसाठी घेऊन दिला होता. आईने तो वड्यांना दिला. नळाला चार दिवसांआड पाणी, तरी रोज पाच बादल्या ती कूलरला घालत होती आणि स्वतः पत्र्याच्या सावलीत तळून निघत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं. एवढं जपूनही बुरशी येते म्हणजे दोष डाळीत असणार किंवा वाळवण्यात, असं मी मनात पक्कं केलं. संध्याकाळी पुण्याहून नेलेल्या चिवड्याची पुडी काढली, तर सकाळी फोडलेला चिवडा सादळून चामट झालेला. मी त्या पुण्यातल्या दुकानदाराला मनसोक्त नावं ठेवली. किती ढ असावं माणसाने.

बुधवारी सकाळी पुष्पाकाकू आल्या. या गटाच्या अध्यक्ष, गावातल्या मोठ्या शेतकरी घरातल्या, उंच, आवाज खणखणीत. वड्या त्यांच्याच गच्चीवर वाळवल्या जातात. अंगणातच उभ्या राहून म्हणाल्या, "शीलाबाई, मी काई तुमाले दोष देत नाई. पन मी बायायले काय सांगू?"

मावशी म्हणाली, "त्याच दिवसाची दहा पाकिटं गच्चीवरून थेट मानोऱ्याकडच्या तांड्यावर गेली हायेत, जमनाबाईच्या दुकानी. तिचा काई फोन नाई आला. तिकडची बी खराब झाली असतील तं मी सोताच गट सोडतो."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला कळायलाच क्षण लागला. म्हणजे निकाल त्या दहा पाकिटांवर. पुष्पाकाकूंनी पदर खोचला. "चाला मंग. मी डोयानं पाहीन आन् मंग बोलीन."

तिघी निघालो. मंगरूळपीरला एसटी बदलली, मानोऱ्यात उतरलो, तिथून ऑटो ठरवून तांड्यावर. ऑटोवाला दोनशे म्हणाला, पुष्पाकाकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो दीडशेवर आला. मावशी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. त्या पिशवीत फक्त पाण्याची बाटली होती.

जमनाबाईंचं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची खोली. तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात, तेव्हा कुठे दुकान चालतं. आत शिरले आणि श्वास कोंडला. पत्रा डोक्यावर नुसता रटरटत होता. मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला वाचता आलं: गार खोलीत टिकल्या नाहीत, इथे काय टिकणार.

"मुंगवड्या उरल्या का वो काई?" पुष्पाकाकूंनी विचारलं.

"चार पाकिटं हायेत," म्हणत जमनाबाईंनी पत्र्याला लागूनच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं. त्यावर मावशीच्या अक्षरात तारीख होती, परत आलेल्या मालावर होती तीच. जमनाबाईंनी ते स्टीलच्या ताटात उलटं केलं.

खडखड आवाज झाला. एकदम कोरडा, स्वच्छ. पुष्पाकाकूंनी एक वडी उचलली, नाकाशी नेली, मग दाताखाली धरून मोडली. कट्ट. त्यांनी दुसरी मोडली. तिसरी. चौथं पाकीट फोडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. एकाही वडीला डाग नव्हता.

"त्याच दिवसाच्या," त्या म्हणाल्या. "त्याच डायीच्या, त्याच हाताच्या."

मावशी खाली पोत्यावर बसली. मी तिच्या शेजारी टेकले.

"बाकीचा माल कुठं ठेवला होता तुमी?" जमनाबाईंनी विचारलं.

"कूलरच्या खोलीत," मावशी म्हणाली. "गार राह्यला पाह्यजे म्हनून."

जमनाबाईंनी कपाळावर हात मारला. "काहून वो बाई? कूलरच्या खोलीत तं मिठाले पानी सुटते. मी पाह्यलं ना दवाखान्यात. तिथं कूलरसमोर बसून पापड खाल्ला तं कापडावानी लागला. वड्यायले ऊन काई करत नाई. त्यायले पानी खाते."

मला सादळलेला चिवडा आठवला. मग दुसरं काहीतरी आठवलं. एप्रिलमध्ये मावशीचा फोन आला होता. एवढा माल कुठं ठेवू, असं तिने विचारलं होतं. मी मीटिंगला चालले होते. "थंड जागी ठेव गं, उन्हात खाण्याचं काही टिकत नाही," असं म्हणून मी फोन ठेवला होता आणि विसरूनही गेले होते. पाकिटांवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं छापतात ना, त्यातलं निम्मंच मी सांगितलं, आणि वऱ्हाडात मे महिन्यात गरज होती ती नेमक्या दुसऱ्या निम्म्याची.

जमनाबाईंनी त्याच वड्यांचा रस्सा केला, ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्या वड्या रश्शात फुगून मऊ झाल्या होत्या आणि मसाला आतपर्यंत मुरला होता. चौघी एका रांगेत जेवायला बसलो. मावशी दोन भाकरी जेवली, कितीतरी दिवसांनी. मी मात्र अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मावशी माझं नाव घेणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्याचंच जास्त लागत होतं. शेवटी परतीच्या एसटीत, पुष्पाकाकू मधे बसलेल्या असताना, मी सांगून टाकलं. माल थंड जागी ठेवायला मीच सांगितलं होतं, मावशीने माझं ऐकलं.

पुष्पाकाकू मावशीकडे वळल्या. "तुमी काहून नाई बोलल्या इतके दिवस?"

"मले खटकलं होतं वो. खोलीत हात लावला का पाकीट ओलसर लागे. पन पोरगी शिकेल हाये, तिले समजत असंन, म्हटलं."

"शिकेल," पुष्पाकाकू म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग चांगल्या खो खो. कंडक्टरही वळून पाहायला लागला. मीही हसले, डोळे पुसत. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चूक माझी निघाली याचा एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

त्या रात्री आम्ही जमनाबाईंकडून बरोबर आणलेल्या वड्यांच्या दोन ताटल्या भरल्या, एक कूलरच्या खोलीत, एक चुलीमागच्या फळीवर. गुरुवारी बैठकीत मी उभी राहून माझं पाप सांगितलं आणि मग पुष्पाकाकूंनी दोन्ही ताटल्या फिरवल्या. वड्या वेगळ्या करू म्हणणाऱ्यांपैकी एका बाईंच्या हातात त्यांनी कूलरच्या खोलीतली वडी स्वतः दिली. ती वडी मोडली नाही, वाकली. बाई म्हणाल्या, "म्हंजे डाय चांगलीच होती तं." माफी कोणी मागितली नाही. पण वेगळ्या वड्यांचा विषयही पुन्हा कोणी काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशी भिजवायच्या डाळीचा हिशेब सुरू झाला.

तुम्हीही वाळवणं घरी आणत असाल तर मी शिकले ते ऐका. वाळलेल्या पदार्थाला नुसत्या उष्णतेची भीती नाही, दमटपणाची आहे. उष्णता आणि ओल दोन्ही एकत्र आली तर मग बघायलाच नको. तेलकट, शेंगदाण्याच्या वस्तूंचं वेगळं, त्या उकाड्यात खवट होतात, त्यांना गारवा हवा. उन्हातून उचललेलं गरमागरम डब्यात कोंडू नका, आत वाफ धरते. निवू द्या आणि मग घट्ट झाकण लावा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, आत पाणी सुटतं. आणि कोणी फोनवर सल्ला विचारला तर दोन मिनिटं उभं राहून नीट ऐका. हे मी स्वतःला सांगतेय.

पुण्याला परत येऊन आता दोन महिने झाले. इथे पाऊस कोसळतोय, भिंतींना ओल आली आहे. मी आणलेल्या वड्या काचेच्या बरणीत आहेत आणि मी त्या दर रविवारी हलवून आवाज ऐकते. प्रवास म्हणून पाहिलं तर मी काय पाहिलं? तीन एसटी स्टँड, एक तांडा, एक पत्र्याचं दुकान. तरी या वर्षीच्या सगळ्या सहलींत हीच मला परत परत आठवते.

परवा मावशीचा फोन आला. कारंज्याच्या दुकानदाराने नवा माल घेतला, बाकीचा माल पावसाळाभरासाठी साठवला होता. मी घाईत नाही ना, हे आधी बघून घेतलं आणि मग विचारलं, कुठे ठेवलात?

"पुष्पाबाईच्या कोठीच्या खोलीत. घराच्या अगदी मधात हाये ती, स्वयंपाकघराच्या मागं. किल्ली माझ्यापाशीच राह्यते. रोज सकाळी मी जाऊन पाह्यतो."

माझी मावशी लग्न होऊन त्या गावात आली त्याला चाळीस वर्षं झाली. वड्या वाळवायला ती त्यांच्या गच्चीवर बाहेरच्या जिन्याने जायची. त्या घरात ओसरीच्या पुढे ती कधी गेली नव्हती, हे मला आईकडून माहीत होतं.

"आत कसं आहे गं?" मी विचारलं.

मावशीने थोडा विचार केला.

"कोरडं हाये," ती म्हणाली. "चांगलं हाये."