म्हशीच्या दुधाचा धडा

पवनानगरच्या बाजूला एका शाळेत मी विज्ञान शिकवते. रोज लोणावळ्याहून दोन गाड्या बदलून जायचं, त्यामुळे वर्गात पाय ठेवतानाच माझं डोकं तापलेलं असतं. त्या वर्षी कलिल आणि निलंबन घसा सुकेपर्यंत शिकवलं होतं. खडूची पूड पाण्यात ढवळून ठेवली की खाली बसते, गाळणकागदावर अडकते, हे निलंबन. दूध कागदातून निघून जातं, कितीही वेळ ठेवा, तसंच राहतं, ते कलिल. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा!

आणि चाचणीत एका मुलीने लिहिलं, 'दूध हे निलंबन आहे.' अख्ख्या वर्गात हात वर करून प्रश्न विचारणारी ती एकटीच. बाकीचे नुसते माना डोलवायचे. तिनेच माती खावी? मी शून्य दिलं आणि वर सगळ्यांसमोर झापलं.

"पण बाई, आमच्या म्हशीचं दूध ऱ्हात न्हाई तसं," ती म्हणाली. "सांजच्याला ठेवलं की सकाळी मलई वर येती."

"आण उद्या. बघूच!"

तिने खरंच आणलं, न तापवलेलं. थंडीचे दिवस होते. काचेच्या बरणीत भरून कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बरणी काढली, तर वर बोटभर मलई आणि खाली पातळ दूध. वर्ग खुसुखुसू हसायला लागला. मी जन्मभर पिशवीतलं दूध प्यायलेली. न तापवताच थर पडलेलं दूध कधी पाहिलंच नव्हतं.

उत्तर मला येत होतं, हेच तर दुखणं आहे. दूध कलिलच, पण त्यातले स्निग्धांशाचे थेंब हलके, म्हणून हळूहळू वर येतात. तिने बघितलं ते खरं होतं. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण माझं नाक कापलं गेलं होतं ना!

"बाई, मग पुस्तक चुकलं का मी?" तिचे डोळे नुसते चमकत होते.

"परीक्षेत कलिल लिहायचं. बस खाली."

ती बसली. वार्षिक परीक्षेत तिने 'कलिल' लिहिलं, पैकीच्या पैकी मिळवले. स्वतःचा असा राग येतो म्हणून सांगू! बरणीच्या त्या दिवसानंतर मी "काही शंका?" विचारलं, की सगळ्यांबरोबर तीही मान डोलवायची.