घटासमोरची पेटी

समस्त वऱ्हाडवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गाण्याने रोपं वाढतात की नाही, या प्रश्नाचा निकाल साठ सालच्या आगेमागे अमरावतीत, आमच्या राहत्या घरी लागलेला आहे. निकालाच्या वेळी मी जातीने हजर होते.

भांडण पेटीचं होतं. माझी थोरली बहीण मॅट्रिक होऊन हार्मोनियम शिकत होती. एरवी ताई म्हणजे खाली मान आणि दोन शब्द, त्यातलाही एक गिळलेला. पण पेटीसमोर बसली की तिची पाठ ताठ व्हायची, आवाज मोकळा व्हायचा, ती मला चक्क रागवायचीसुद्धा. पेटी गेली तर ही पुन्हा मिटणार, हे मला दिसत होतं.

आणि पेटी जायच्या बेतात होती. अकोल्याची आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, नवरात्रासाठी आली आणि हातपाय धुता धुताच म्हणाली, "पोरीच्या गाण्यापायी पाव्हणे पोहे खाऊन उठून जाते. पेटी मले द्या. आमच्या भजनाले कामी येईन."

ताईनं जन्मात प्रथमच आत्याला उलट उत्तर दिलं. "आमच्या सायन्सच्या बाई म्हणते, गाण्यानं झाडं वाढते. मंग माणसाचं काय बिघडते?"

वडील कोर्टात कारकून. त्यांना वादापेक्षा पुरावा आवडायचा. "उद्या घट बसते," ते म्हणाले. "त्याच्यापुढं तू रोज गाय. तेच गहू, तेच माती एका टोपलीत टाकून मागच्या कोठीच्या खोलीत ठेवू. तिथं गाणं नाही. दसऱ्याले ज्याचं धन उंच, त्याचं खरं. देवघरातलं उंच निघालं त पेटी राहीन."

घटाच्या मातीत उगवलेल्या गव्हाला आमच्याकडे धन म्हणतात, आणि त्यावरून वर्षाचं पीक जोखतात. त्यामुळे ही अट कोणालाच विचित्र वाटली नाही.

ताई सकाळ-संध्याकाळ गायला लागली. देवघराला खिडकी होती. तिथलं धन हिरवंगार, ठेंगणं, गुटगुटीत उगवलं. मी हळूच कोठीचं दार ढकललं. अंधारातलं धन वीतभर वर गेलं होतं. पिवळं, लुळं, पण उंच.

"तिकडचं कसं हाय?" ताईनं विचारलं.

"हाय," मी म्हणाले.

तिला कळलं. ती आणखी जोरात गायला लागली. गहू ऐकेनात. शेवटी शेवटी तिचा घसा बसला, तरी ती भाता ओढतच राहिली. जेवताना आत्या भगर वाढून घेत म्हणायची, "थोडी पेटी आवर पोरी, रोपाले झोप लागू दे."

दसऱ्याला सकाळीच आत्यानं पेटीला दोरी आवळली. दुपारची गाडी होती, टांगा सांगून झाला होता. वडिलांनी घट आणि टोपली ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले. पट्टी लावायची गरजच नव्हती. रोप अंधारात असं पिवळं पडून लांबतं हे वडिलांना ठाऊक होतं, पण अट उंचीची होती, आणि ठरलेली अट मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"टोपलीचं उंच हाय," ते म्हणाले. ताईनं मान खाली घातली. तीच जुनी मान.

तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. नणंदेसमोर ती सहसा बोलत नसे. "आक्का, उपासाचं पीठ तुमाले चक्कीवरचं चालत नाही न?"

"नाही चालत. हजार जणाचं पीठ त्याच्यात मिसळते."

"म्हणून तुमी रोज पहाटे घरीच दळलं. जातं त कोठीच्याच खोलीत हाय. अन् दळताना..."

सगळ्यांना एकदमच आठवलं. रोज पहाटे मागच्या खोलीतून घरघरीसोबत येणारा तो भरदार आवाज. सासर, माहेर, भाऊ, कापसाची बैलगाडी, एकामागून एक ओव्या. दिवसभर गुडघे धरून कण्हणारी आत्या जात्यावर बसली की विशीतली वाटायची. आम्ही अंथरुणात पडून ते ऐकत होतो, आणि गाणं म्हणून कोणी ते मोजलंच नव्हतं.

वडील खाली वाकले आणि शांतपणे पेटीची दोरी सोडायला लागले.

आत्या आधी टोपलीकडे पाहत राहिली, मग भावाकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन ती बोलून गेली, "मी कुठं गात होती? मी त दळून रायली होती."